टोकन दिलं आणि आता मन कचरतंय: करारनाम्याआधी काय काय करायचं

टोकनचा चेक दिला, एजंटने हात मिळवला, घरच्यांच्या ग्रुपवर फ्लॅटचे फोटो गेले. आणि नेमकी त्याच रात्री झोप उडते. एवढे पैसे खरंच द्यायचे का? घाई तर नाही ना झाली? पहिलं घर घेणाऱ्या पुष्कळ लोकांना ही धाकधूक होते. आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च तीन-चार भेटींत ठरवल्यावर ती न वाटली तरच नवल.

यात अडचण एकच असते. मोठ्या निर्णयाची स्वाभाविक भीती आणि 'इथे काहीतरी खटकतंय' ही खरी सूचना या दोन्ही गोष्टी रात्री दोन वाजता अगदी सारख्याच वाटतात. भीतीपायी चांगलं घर हातचं घालवू नये आणि 'सगळ्यांनाच असं वाटतं' म्हणून खऱ्या सूचनेकडे दुर्लक्षही करू नये. त्या दोन्ही वेगळ्या कशा करायच्या आणि करारनामा नोंदवण्याआधीच का करायच्या, ते इथे क्रमाने सांगतो. हे सगळं महाराष्ट्रातल्या फ्लॅटखरेदीला धरून आहे, बिल्डरकडचा नवा फ्लॅट असो की रीसेलचा.

पहिली पायरी: आपण नक्की कुठे उभे आहोत ते पाहा

माघार घ्यायची की नाही हा प्रश्न नंतरचा. माघार आज केवढ्याला पडेल, हे आधी कळायला हवं, कारण दर टप्प्यागणिक ती महाग होत जाते.

नुसता तोंडी होकार दिला असेल, पैसे दिले नसतील, तर कायद्याने तुम्ही फारसे बांधलेले नाही. पण समोरच्याने तुमच्या शब्दावर दुसरी गिऱ्हाइकं परत पाठवलेली असतात. शंका असेल तर एक-दोन दिवसांत फोन करून स्पष्ट सांगा.

बिल्डरकडे बुकिंग केलं असेल तर अलॉटमेंट लेटर काढा आणि त्यावरची तारीख पाहा. महारेराने (रेरा या रिअल इस्टेट कायद्याखालचं महाराष्ट्रातलं नियामक प्राधिकरण) या पत्राचा एक नमुना ठरवून दिला आहे. त्या नमुन्यानुसार पत्र दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काहीही कापायचं नाही. १६ ते ३० दिवसांत रद्द केलं तर फ्लॅटच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के. उरलेले पैसे ४५ दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर व्याजासकट. ही टक्केवारी तुम्ही भरलेल्या रकमेवर नसून फ्लॅटच्या पूर्ण किमतीवर असते, हे ध्यानात घ्या. ८० लाखांच्या फ्लॅटसाठी चौदाव्या दिवशी नकार कळवला तर शून्य, विसाव्या दिवशी कळवला तर ८० हजार. म्हणून बुकिंग केलं असेल तर त्या पंधराव्या दिवसाची खूण आत्ताच कॅलेंडरवर करा. बिल्डरला या नमुन्यात बदल करता येतात, मात्र ते उघड दाखवावे लागतात. तेव्हा शेवटी तुमच्या हातातल्या पत्रात काय छापलं आहे तेच खरं. सेल ऑफिसमधल्या माणसाने तोंडी काय सांगितलं यावर जाऊ नका.

आणखी एक. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रेरा कायद्याचं कलम १३ हेच सांगतं. 'आधी २० टक्के भरा, मग अ‍ॅग्रीमेंटचं बघू' असं कोणी म्हणत असेल तर ही शंका मनाची राहिलीच नाही, ती खरी आहे.

रीसेलचा मामला वेगळा. तिथे महारेराचा नमुना नाही आणि घरखरेदीसाठी 'मन बदललं तर इतक्या दिवसांत पैसे परत' अशी कायद्याने दिलेली मुदतही नाही. सगळा भार पावतीवर. तुम्ही दिलेल्या पैशांची पावती 'इसार' म्हणून केली आहे की 'आगाऊ रक्कम' म्हणून, हे वाचा. इसार म्हणजे व्यवहार पुरा करण्याची हमी. खरेदीदाराने काही कारण नसताना माघार घेतली तर तो बुडू शकतो, आणि न्यायालयांनीही हे मान्य केलं आहे. किमतीचा नुसता आगाऊ हप्ता असेल तर तो जप्त करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच असावी लागते. पावतीच नसेल आणि पैसे यूपीआयने गेले असतील, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं हीच तुमची पावती. तो चॅट पुसू नका.

करारनामा सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून झाला असेल तर मात्र एकट्याला मागे फिरता येत नाही. रद्दलेख करायचा तर दोघांच्याही सह्या लागतात. मुद्रांक शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे, पण ती ठरावीक कारणांसाठी आणि ठरावीक मुदतीत. नोंदणी फी परत मिळत नाही. विक्रेता अडून बसला तर तो न्यायालयात जाऊन 'करार पुरा करा' अशी मागणीही करू शकतो. करार पुरा करून घेण्याच्या कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर न्यायालयांचा कल अशी मागणी मान्य करण्याकडे जास्त आहे. या टप्प्यावर असाल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा.

थोडक्यात, टोकन आणि नोंदणी यांच्यामधले दिवस हे तुमचे खरे दिवस. फर्निचरचे कॅटलॉग नंतर बघता येतील.

दुसरी पायरी: शंका कागदावर उतरवा

नवरा-बायको मिळून घर घेत असतील तर दोघांनी वेगवेगळं बसून लिहावं. एकत्र बसलं की जो जास्त घाबरलेला असतो त्याचीच यादी तयार होते, किंवा जो जास्त उत्साहात असतो त्याच्यापुढे दुसरा गप्प बसतो. आई-वडिलांचे पैसे लागणार असतील तर त्यांनाही विचारा, पण त्यांचं वेगळ्या कागदावर.

मग प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहा: याचं उत्तर कोणाकडे मिळेल? 'हप्ता झेपेल का' याचं उत्तर तुमच्या बँक पासबुकात आहे. 'बिल्डिंगला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी) आहे का' याचं महापालिकेत. 'पाणी येतं का' याचं खालच्या वॉचमनकडे. 'आपण चुकतोय असं वाटतंय' याचं उत्तर कोणाकडेच नाही. ती ओळ तशीच राहू द्या, तिच्याकडे शेवटी येऊ. ज्यांचं उत्तर मिळू शकतं त्या शंका आधी, आणि त्यातही पैसा व कागदपत्रं सगळ्यात आधी.

तिसरी पायरी: पैशांचा हिशेब पुन्हा, पण या वेळी पूर्ण

टोकन देताना बहुतेकांच्या डोक्यात दोनच आकडे असतात, फ्लॅटची किंमत आणि कर्ज. मन कचरतं ते बऱ्याचदा मधले आकडे हळूहळू समोर यायला लागतात म्हणून.

पुण्यातला ८० लाखांचा रीसेल फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं. म्हणजे इथे जास्तीत जास्त ६४ लाख. १६ लाख तुमचे. बँक या हिशेबात मुद्रांक शुल्क धरत नाही, तेही तुमच्याच खिशातून. पुणे महापालिका हद्दीत ते ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. नोंदणी फी ३० हजार. एजंटची दलाली एक ते दोन टक्के. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम, जो महापालिका हद्दीत २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, रंगकाम, गीझर-पंखे. घरात पाऊल टाकेपर्यंत तुमच्या हातचे २३-२४ लाख गेलेले असतात. टोकन देताना तुम्ही १६ लाख धरले होते की २४?

आता हप्ता. ६४ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याला सुमारे ५३,५०० रुपये. त्यावर मेंटेनन्स आणि मालमत्ता कर. मग एक प्रयोग करा. करारनाम्याला अजून महिना असेल तर या महिन्यात हप्ता आणि तुमचं आत्ताचं भाडं यांच्यातला फरक पगार झाल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेल्यात घर चालवून बघा. एका महिन्यात जे कळतं ते कुठल्याही कॅल्क्युलेटरवर कळत नाही. महिन्याच्या शेवटी जमलं, थोडी ओढाताण झाली पण जमलं, तर पैशांची शंका बऱ्यापैकी निवळते. वीस तारखेलाच त्या खात्याला हात लावावा लागला तर ती शंका खरी होती.

'वीस वर्षं अडकलो' या भीतीबद्दल एक दिलासा. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही. बोनस आला की मुद्दल कमी करता येतं, पुढे घर विकून कर्ज बंदही करता येतं.

विक्रेता परदेशात राहत असेल तर एक हिशेब वेगळा होतो. पुण्या-मुंबईतले कितीतरी फ्लॅट अमेरिका, दुबई, सिंगापूरला असलेल्या आपल्याच लोकांचे आहेत. ५० लाख किंवा जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा, हा नियम निवासी विक्रेत्यासाठी. विक्रेता अनिवासी असेल तर कपात बरीच जास्त असते, आणि ती चुकली तर आयकर खातं तुम्हाला विचारतं. सीएला न विचारता या व्यवहारात पुढे जाऊ नका.

चौथी पायरी: कागदपत्रं

या पायरीवर हात आखडता घेऊ नका. पैशांची चूक काही वर्षं हातातोंडाची गाठ घालत भरून निघते. मालकी हक्काची चूक भरून निघत नाही.

'बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद बरोबर आहेत' असं ज्याच्या-त्याच्या तोंडी असतं. बँकेचा वकील कागद तपासतो ते बँकेच्या पैशांच्या सुरक्षिततेसाठी. त्याच्या अहवालाची प्रत जरूर मागा, पण तुमचा स्वतःचा वकील वेगळा नेमा आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) काढून घ्या. काही हजारांचा खर्च आहे आणि तो वाचवायचा नसतो. वकील एजंटने सुचवलेला नको.

वकिलाकडे जाण्याआधी घरबसल्या बरंच बघता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या फ्लॅटच्या जुन्या व्यवहारांची सूची २ (इंडेक्स २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) मिळते. तिथलं शेवटचं नाव आणि तुम्हाला विकणाऱ्याचं नाव जुळतं का ते पाहा. मधल्या मालकांची साखळी कुठे तुटली आहे का तेही पाहा. फ्लॅटवर कुठल्या बँकेचा बोजा आहे का हे सरसाईच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी, CERSAI) नोंदवहीत थोडी फी भरून शोधता येतं. विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर घाबरायचं कारण नाही, तसे व्यवहार रोज होतात. फक्त त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि मूळ कागदांची यादी आधी हवी, आणि तुमच्या पैशांतला तो भाग थेट त्या कर्जखात्यात जायला हवा.

मूळ मालक वारला असेल आणि 'मी नॉमिनी आहे, शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव आलंय' असं कोणी म्हणत असेल तर थांबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं आहे का ते विचारा. परदेशातल्या बहिणीची सही 'येईलच' असं सांगितलं तर ती येऊ द्या, मग करारनामा करा. कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) विक्री होत असेल तर ते मूळ पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही पुढे देऊ नका.

इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का? नसेल तर 'पंधरा वर्षं लोक राहतायत, काही होत नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका. नालासोपाऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला महापालिकेने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या, आणि त्यात लोक वर्षानुवर्षं राहत होते. कुटुंबंच्या कुटुंबं रस्त्यावर आली.

नव्या प्रकल्पात महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. ताबा द्यायची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे, जमिनीवर कुठलं कर्ज आहे, दावे चालू आहेत का, किती फ्लॅट विकले गेले, हे सगळं तिथे असतं. जाहिरातीवरचा क्यूआर कोड थेट त्या पानावर नेतो. पण नुसता महारेराचा नंबर पाहून निर्धास्त होऊ नका. डोंबिवली परिसरात ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तो नंबर मिळवला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात एक चक्कर मारा. माझ्या मते हे काम स्वतः जाऊन करावं, एजंटवर सोपवू नये.

कार्पेट एरिया मोजून पाहा. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती येतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी येत नाहीत. पार्किंगचा क्रमांक आणि मापं करारनाम्यात आहेत का? उघडं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही. ते तुम्हाला 'विकलेलं' असेल तर हाही बोलण्याचा मुद्दा आहे.

पाचवी पायरी: जागा पुन्हा पाहा, एजंटशिवाय

रविवारी सकाळी अकरा वाजता पाहिलेलं घर आणि बुधवारी संध्याकाळी साडेसातला पाहिलेलं घर यात फरक असतो. ऑफिसातून निघून थेट तिकडे जा, रोजच्या रस्त्याने, रोजच्या वेळी. रात्री दहाला जा. शेजारी मंगल कार्यालय असेल तर लग्नाच्या तिथीला जा.

वॉचमन, पेपरवाला, खालचा किराणा दुकानदार यांच्याशी बोला. एप्रिल-मेमध्ये टँकर किती येतात हे त्यांना पाठ असतं. पुण्याच्या हद्दीवरच्या अनेक सोसायट्या आणि ठाण्यातला घोडबंदर रस्त्याचा पट्टा टँकरवर कसा जगतो, हे तिथे राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय ब्रोशरमधून कळत नाही. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि तो दर उन्हाळ्यात वाढतो.

नदी-ओढ्याजवळचं घर असेल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते तपासा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, २०१९ मध्ये बदलापूरला उल्हास नदीने तेच केलं. तळमजल्यावरच्या भिंतींवर ओलीची रेघ आहे का, मीटर बॉक्स उंचावर हलवले आहेत का, हे डोळ्यांना दिसतं.

रीसेलमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. दुरुस्तीचा निधी किती, लिफ्ट बदलायची चर्चा आहे का, विक्रेत्याची थकबाकी आहे का, पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का. 'पुढच्या वर्षी रीडेव्हलपमेंट' या एका वाक्यावर किंमत वाढवलेली असेल तर सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा.

सहावी पायरी: ज्या शंकेचं उत्तर कोणाकडेच नाही

इतकं सगळं करून उत्तरं बरी आली तरी ती शेवटची ओळ उरते. कोणीतरी काका म्हणालेले असतात, 'पाच लाख जास्त दिलेस.' ऑफिसातला कोणी म्हणतो, 'अजून सहा महिने थांबला असतास.' टोकननंतरही तुम्ही प्रॉपर्टीची अ‍ॅप बघत असता आणि रोज एक नवा, थोडा मोठा फ्लॅट दिसतो.

ती अ‍ॅप काढून टाका. त्यातल्या किमती सांगायच्या असतात, व्यवहार कितीला होतो ते वेगळंच. काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे का हे बघायचं असेल तर त्याच सोसायटीतल्या गेल्या वर्षभरातल्या नोंदणीकृत व्यवहारांच्या किमती सूची २ मध्ये बघा. तुमची किंमत त्यांच्या आसपास असेल तर तो विषय मिटवा. दर उद्या वाढतील की पडतील हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि राहायला घर घेणाऱ्याने त्या अंदाजावर निर्णय बदलू नये असं मला मनापासून वाटतं.

एका बाबतीत मात्र उत्तर नसलेल्या शंकेलाही मान द्यावा. घरातल्या एका माणसाला हे घर पहिल्यापासून नको होतं आणि ते आत्ता कुठे बोलायला धजावतंय, असं असेल तर. आईला चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहायचं नाही, बायकोला नोकरीला जायला दीड तास लागणार आहे, आणि 'सवय होईल' म्हणून तो मुद्दा दाबला गेला होता. हा मुद्दा करारनाम्यानंतर आणखी मोठा होतो. तो आत्ताच, शांतपणे, सगळ्यांनी बसून बोला. मुहूर्त टळतो म्हणून गप्प बसू नका.

सातवी पायरी: मागे फिरण्याआधी बोलून पाहा

कितीतरी शंका माघारीशिवाय सुटतात. रीसेलमध्ये विक्रेत्याला सरळ सांगता येतं: 'कर्ज मंजूर झालं नाही किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर टोकन पूर्ण परत, एवढं लिहून द्या.' टोकन देतानाच हे लिहून घ्यायचं असतं, राहिलं असेल तर आज मागा. प्रामाणिक विक्रेता बहुधा हो म्हणतो. करारनाम्याला पंधरा दिवस वाढवून मागता येतात. ओल निघाली तर दुरुस्ती किंवा किंमत, दोन्हींपैकी एक मागता येतं. बिल्डरकडे हप्त्यांचं वेळापत्रक बदलून मिळतं का, त्याच प्रकल्पात लहान फ्लॅटवर जाता येतं का, हे विचारायला संकोच कसला?

बोलताना समोरच्याचाही विचार असू द्या. रीसेलचा विक्रेता बऱ्याचदा तुमच्या टोकनवर स्वतःचं पुढचं घर बुक करून बसलेला असतो. त्याला आठवडाभर 'कळवतो, कळवतो' करत टांगून ठेवणं हे नकारापेक्षा वाईट.

'दुसरी पार्टी तयार आहे, आज सही करा' असा दबाव आला तर एवढंच म्हणा की सर्च रिपोर्ट आल्याशिवाय सही होणार नाही. खरा व्यवहार चार दिवस थांबतो.

आठवी पायरी: पुढे जायचं ठरलं तर

करारनाम्याचा मसुदा आदल्या रात्री न घेता आठवडाभर आधी मागा. नावांचं स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, पार्किंग, ताब्याची तारीख आणि उशिराचं व्याज, रद्द केल्यास कपात किती, ही कलमं बोट ठेवून वाचा. बिल्डरच्या करारनाम्यात किमतीच्या २० टक्के जप्तीचं कलम असेल तर हरकत घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुरुग्राममधल्या एका प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं कलम एकतर्फी ठरवलं आणि १० टक्क्यांपर्यंतचीच कपात मान्य केली. नोंदणीच्या दिवशी ओळखपत्रं आणि दोन साक्षीदार. संगणकावरची नोंद अंगठा देण्याआधी पडद्यावर स्वतः वाचा.

नववी पायरी: माघार घ्यायची ठरली तर

आधी फोन करा, कारण माणसाला माणसाकडून कळावं. त्याच दिवशी ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्टाने लेखी कळवा, कारण मुदत मोजली जाते ती लेखी तारखेपासून. मजकूर लांबलचक नको:

'दिनांक … रोजी आपल्या … येथील सदनिका क्रमांक … साठी मी रु. … इतकी रक्कम … द्वारे दिली होती. काही कारणास्तव मी हा व्यवहार पुढे नेऊ शकत नाही. हे बुकिंग आजच्या तारखेपासून रद्द समजावे आणि पावतीतील/अलॉटमेंट लेटरमधील अटींनुसार देय रक्कम माझ्या बँक खात्यात परत करावी, ही विनंती. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.'

माघारीमागे ठोस कारण असेल, म्हणजे लपवलेलं कर्ज, वारसाचा दावा, ओसी नसणं, तर 'काही कारणास्तव' न लिहिता ते कारण स्पष्ट लिहा आणि पुरावा जोडा. विक्रेत्याला माहीत असलेला मालकी हक्कातला दोष त्याने सांगायलाच हवा, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं. तो लपवला असेल तर इसारसुद्धा पूर्ण परत मागायचा हक्क तुमचा आहे. बिल्डरच्या जाहिरातीतली माहिती खोटी निघाली असेल तर रेराच्या कलम १२ प्रमाणे प्रकल्पातून बाहेर पडून पूर्ण रक्कम व्याजासह मागता येते. तेव्हा ब्रोशर आणि जाहिरातींचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पुढच्या तारखेचे चेक दिले असतील तर ते परत मागा. गुपचूप बँकेत जाऊन पेमेंट थांबवू नका. थांबवलेल्या चेकवरूनही चेक न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली तक्रार होऊ शकते. ती शेवटी टिकली नाही तरी कोर्टाच्या तारखा तुमच्या मागे लागतात. रोखीने दिलेल्या टोकनचं काय, असं कोणी विचारतं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेणं आयकर कायद्यानेच मना आहे. परतावाही बँकेतूनच घ्या.

मुद्रांक शुल्क भरून झालं असेल पण कागदावर सही झाली नसेल, तर न वापरलेल्या मुद्रांकाच्या परताव्यासाठी सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. कर्ज मंजूर झालं असेल तर बँकेला लेखी कळवून फाइल बंद करा. प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही. एजंटलाही लेखी कळवा. दलाली केव्हा देय होते हे त्याच्याशी काय ठरलं होतं त्यावर आहे.

पैसे ठरल्या मुदतीत आले नाहीत तर आधी आठवण, मग वकिलाची नोटीस. बिल्डर असेल तर महारेराकडे ५ हजार रुपये फी भरून ऑनलाइन तक्रार करता येते. त्याआधी दोन्ही बाजूंची तयारी असेल तर महारेराचा सलोखा मंचही आहे, तिथे ग्राहक आणि बिल्डर अशा दोन्हींच्या संघटनांचे प्रतिनिधी मध्यस्थी करतात. वकिलाशिवायही जाता येतं. रीसेलच्या वादात महारेरा उपयोगाचं नाही, तिथे दिवाणी न्यायालय. पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, म्हणून पावती, ईमेल, चॅट आणि बँक स्टेटमेंट एका फाइलमध्ये तोवर नीट ठेवा. टोकनच्या मूळ पावतीवर विक्रेत्याकडून 'रक्कम परत, व्यवहार रद्द' असं लिहून सही घेतलीत की पुढच्या खरेदीदाराच्या वकिलालाही शंका उरत नाही, आणि विक्रेत्यालाही ते सोयीचंच पडतं.